उघड्या तोंडाची बाई

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरली असशील, की आईला काही झालं की काय. आई छान आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि तीही कुरकुरते, दोघांचं बरं जमतं. मीही ठीक आहे. गेल्या रविवारी फोनवर तू दोनदा विचारलंस, आज अशी गप्प का, आणि मी सर्दीचं निमित्त सांगितलं. सर्दी नव्हती. सांगायचं ते जिभेवर येऊन परत जात होतं, म्हणून शेवटी कागद घेतला. तू दिवसभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासतेस, तेव्हा या पत्रातही चुका सापडतील. त्यांच्यावर हव्या तेवढ्या खुणा कर, पण पत्र अर्ध्यावर ठेवू नकोस.

माझी कामाची जागा तू कधी पाहिलेली नाहीस. कान तपासायची एक छोटी खोली, भिंतींना जाड स्पंज, मधे काच. पलीकडे माणूस कानांना हेडफोन लावून बसतो, अलीकडे मी बटणं फिरवते. बारीकसा 'टूं' ऐकू आला की त्यानं हात वर करायचा. लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा तू कधी निरखलायस का? किंचित पुढे झुकलेला, श्वास धरलेला, समोरच्यावर पूर्ण भरवसा टाकलेला. असे दहा-बारा चेहरे रोज माझ्यापुढे येतात. आवाज वाढवायच्या आधी मी प्रत्येकाला सांगते, आता जरा मोठा येईल, दचकू नका. शिकाऊ मुली हसतात. म्हणतात, मॅडम, एवढ्याशा आवाजाला कोण दचकतं. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही. त्यांनाच काय, कुणालाच सांगितलेलं नाही.

तुझ्या आजारपणाच्या वर्षाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू तेवीसची, मी एकोणीसची. डाव्या जबड्यातली गाठ काढताना डॉक्टरांनी अर्धा जबडा काढला, आणि तू घरी आलीस ती ओठांची एक बाजू आत ओढली गेलेली, गाल खचलेला. घरात सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलं होतं: "आज सूज बरीच कमी दिसते." आई म्हणायची, बाबा म्हणायचे, शेजारच्या काकू दारातूनच म्हणायच्या. रोज इतकी कमी होत गेली असती तर सूज महिन्याभरात उलटी आत शिरली असती. मीही म्हणायचे. म्हणताना तुझ्याकडे बघायचे, पण तुझ्या कानाकडे. आपली खोली एकच होती. सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी मी भिंतीकडे कूस वळवायचे. ताई, मला तुझ्या चेहऱ्याची भीती वाटायची. तुझी नाही, चेहऱ्याची. पण त्या वयात हा फरक कुणाला समजावणार, आणि कुठल्या तोंडानं?

मग दुसऱ्या शहरातले ते सर्जन मिळाले, पायाचं हाड घेऊन जबडा नवा बांधतो म्हणणारे. त्यांनी आधी फोटो मागवले. तुला हॉस्पिटलातल्या त्या खोलीत मी घेऊन गेले होते. करडा पडदा, गोल स्टूल, आणि ते फोटोवाले काका. नोकरीच मुळी ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे चेहरे टिपायची, पण तुझ्याशी असे बोलत होते की जणू तू परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायला आली आहेस. "ताई, आता उजेड येईल हं." "ताई, तोंड उघडा. आणखी थोडं. दुखलं की हात वर करा, मी थांबतो." तू हात वर केला नाहीस. जितकं उघडेल तितकं तोंड उघडलंस, डोळे ताणले गेले, त्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात फ्लॅश पडला. काकांनी दोन दिवसांनी पाच फोटो तपकिरी पाकिटात घालून दिले, पाकिटाचं तोंड चिकटवून. म्हणाले, घरात कुणाच्या सहज हाती लागतील असे ठेवू नका. बाबांनी ते पाकीट माझ्याकडे दिलं, कारण घरात कॉम्प्युटर शिकणारी मीच. स्कॅन कर आणि डॉक्टरांना मेल कर. मी त्याच दिवशी केलं. फोटो पोचले, ऑपरेशन ठरलं, तू तिकडे गेलीस आणि पाच महिन्यांनी बऱ्यापैकी नवा जबडा घेऊन परत आलीस. जेवायला लागलीस, हसायलाही लागलीस, जरा तिरकं.

तेव्हाचं इंटरनेट तुला फारसं ठाऊक नसेल. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर होते, चपला बाहेर काढून आत जायचं, आणि एक चित्र उघडायला इतका वेळ लागायचा की ते वरून पट्टीपट्टीनं उतरत यायचं. त्या काळी एक थट्टा जोरात होती. मित्राला लिंक पाठवायची, फुलांची चित्रं आहेत म्हणून, आणि उघडल्यावर समोर असं काही यायचं की जेवण जाऊ नये. कुणाचं तरी फाटलेलं शरीर, कुणाची तरी उघडी लाज. बंद करायला जावं तर एकाच्या चार खिडक्या व्हायच्या. दुसरा प्रकार शांत पानांचा. एक साधं चित्र, खाली सूचना: नीट बघा, यात एक चूक आहे, आवाज वाढवा, स्क्रीनजवळ या. माणूस नाक लावून बघत बसायचा आणि अचानक किंकाळीसकट भेसूर चेहरा अंगावर यायचा. आम्ही एकमेकींना असं घाबरवायचो आणि पोट धरून हसायचो. मी एका चर्चेच्या पानावर टोपणनावानं जायचे. तिथे कुणाची लिंक किती जणांना लागली याच्या पैजा चालत. एकानं लिहिलं, माझी आजी खुर्चीवरून पडली. खाली चाळीस जणांनी हसून दाखवलं होतं. त्या चाळिसांत मी होते.

यानंतरचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण लिहिते, कारण मला ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही. तू शाळेत शिकवायला परत रुजू झालीस. पहिले दोन दिवस मुलं बघत राहिली, तिसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, बाई, तुमचं तोंड वाकडं का, तू म्हणालीस, तुम्हाला ओरडून ओरडून झालं, आणि वर्ग हसला. हे तू घरी आल्यावर सांगितलंस आणि बाबा बऱ्याच महिन्यांनी मोठ्यानं हसले. मग एके दुपारी तू लवकर घरी आलीस. चपला काढल्यास, हात धुतलेस, टेबलाशी बसलीस. आणि अगदी सरळ आवाजात सांगितलंस, की शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत सातवीच्या मुलांनी एक पान उघडलं होतं, त्यात एक रिकामी खुर्ची होती, मग एक चेहरा आला आणि मुलं किंचाळली. तू त्यांना रागवायला आत गेलीस. पडद्यावर ऑपरेशनच्या आधीची तू होतीस, तोंड उघडलेली. एका मुलीनं आधी पडद्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि पुन्हा किंचाळली. "तिचा दोष नाही," तू म्हणालीस. "मीही दचकले." दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत गेली नाहीस.

बाबांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. फोटो कुणाकुणाकडे होते, त्यांनी बोटांवर मोजलं. सर्जन, हॉस्पिटल, आपण. मला विचारलं, तू मेल केल्यावर कॉम्प्युटरवरचे पुसले होतेस ना? मी हो म्हटलं. ते पुन्हा विचारणार होते, पण तू मधे पडलीस. म्हणालीस, तिला कशाला विचारता बाबा, ती कशाला असं करेल. मग हॉस्पिटलवर तक्रार झाली. चौकशी नावालाच झाली. फोटोवाल्या काकांच्या कपाटाला कुलूप नव्हतं, एवढं त्यांना पुरलं. काकांना काढून टाकलं. बाबा घरी येऊन म्हणाले, निदान एकाला तरी शिक्षा झाली, आणि तू मान हलवलीस. मी ताट उचलून आत गेले.

ते घरी आले होते, ताई. हे तुला माहीत नाही. काढून टाकल्यावर आठवड्याभरात, सकाळी अकराच्या सुमाराला. बाबा कामावर, आई बाजारात, तू आत. मी दार अर्धं उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी. म्हणाले, मला ताईंशी दोनच मिनिटं बोलायचंय, नोकरीबद्दल काही नाही, फक्त सांगायचंय की मी नाही केलं. मी म्हटलं, ताई कुणाला भेटत नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, मी थांबू का? मी म्हटलं, नको. ते जिन्यावरून उतरले तेव्हा एकेका पायरीवर थांबत होते, पुन्हा हाक येईल म्हणून असावं. तू आतून विचारलंस, कोण होतं. मी सांगितलं, मीटर बघायला आले होते.

ताई, ते पान मी बनवलं होतं.

स्कॅन केलेले फोटो मी पुसले नव्हते. तू दुसऱ्या शहरात होतीस, आई तुझ्याजवळ, घरात मी आणि बाबा, आणि दर संध्याकाळी फोनवर तेच, सूज कशी आहे, जेवली का, झोपली का. माझी परीक्षा कधी सुरू झाली आणि संपली ते कुणाला कळलं नाही. राग होताच, तो नव्हता म्हणणार नाही. पण रागापेक्षा ती भीती होती, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी किंचाळावं. जे मी दर सकाळी भिंतीकडे तोंड करून दाबत होते, ते कुणीतरी मोकळ्यानं करावं. लॅबमधल्या रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला, त्यामागे तुझा चेहरा दडवला, चाळीस सेकंदांवर. ओरडणाऱ्या बाईचा आवाज हवा होता, तो कुठे मिळेना, म्हणून कॉलेजच्या बाथरूममध्ये माइक नेऊन मीच ओरडले. पहिल्याच प्रयत्नात छान आलं. जगभर फिरलेलं ते जे आहे, त्यात चेहरा तुझा आहे आणि किंकाळी माझी. तू तर फक्त तोंड उघडलं होतंस, काकांनी सांगितलं तेवढं.

मला वाटलं होतं चर्चेच्या पानावरचे पन्नास-साठ लोक बघतील. तिसऱ्या दिवशी ते माझ्याच इनबॉक्समध्ये परत आलं, अनोळखी देशातल्या अनोळखी माणसाकडून, 'बघाच' एवढं लिहून. मी माझं मूळ पान काढून टाकलं, पण तोवर पाण्यात रंग टाकून झाला होता. काहींनी तुला हिरवं केलं, काहींनी डोळे काळे केले. तुला नाव पडलं, 'उघड्या तोंडाची बाई'. तुझ्यावर गोष्टी रचल्या गेल्या. कुठे तू वेड्यांच्या इस्पितळातली, कुठे आगीत गेलेली, कुठे तुला पाहणारा सातव्या दिवशी मरतो. इंटरनेटवर लोकांनी तुला किमान सहा वेळा मारलंय, आणि दर वेळी मी शेवटपर्यंत वाचलंय. दहा वर्षांपूर्वी बसच्या रांगेत माझ्या पुढे एक तरुण उभा होता, पाठमोरा. त्याच्या टी-शर्टच्या पाठीवर तू होतीस. बस येईपर्यंत वीस मिनिटं मी तुझ्यासमोर उभी होते आणि पहिल्यांदाच तुझ्या त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यात भेसूर काहीच नव्हतं. डॉक्टरांना नीट दिसावं म्हणून धडपडणारी एक मुलगी होती, डोळ्यांत पाणी आलेली. मी बस सोडून दिली.

तू शहर सोडलंस, चेहरा लागत नाही असं काम धरलंस, व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवतेस. मी दर रविवारी फोन करते आणि तुला वाटतं, धाकटी किती जीव लावते. जीव लावतेच. पण त्यात पहाऱ्यासारखंही काही आहे, तुला कळलं तर नाही ना हे चाचपणं. हेही आज लिहूनच टाकते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आले, सुनेचा हात धरून. फॉर्मवर व्यवसायापुढे लिहिलं होतं, फोटोग्राफर, निवृत्त. मी काचेपलीकडे पाहिलं आणि त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. एकदा करड्या पडद्यापाशी आणि एकदा दाराच्या फटीतून अर्धी दिसलेली मुलगी कोण लक्षात ठेवतो? हेडफोन लावून ते पुढे झुकून बसले, आणि ऐकू आलं की शाळेतल्या मुलासारखा हात वर करत होते. बऱ्याचदा मी आवाजच दिला नव्हता तरी करत होते, मला वाईट वाटू नये म्हणून. तपासणी करून कानात यंत्र बसवून दिल्यावर त्यांनी विचारलं, पोरी, इतकं सांभाळून कुठे शिकलीस. मी म्हटलं, एका काकांकडून. त्यांनी मान डोलावली आणि गेले. दुसऱ्यांदा ते माझ्या दारातून गेले आणि दुसऱ्यांदा मी बोलले नाही.

आता मागच्या महिन्यातलं. विद्यापीठात शिकवणारी एक बाई इंटरनेटच्या पहिल्या दिवसांतल्या त्या किळसवाण्या पानांचा, त्या थट्टांचा इतिहास लिहिते आहे. त्यांतल्या माणसांचं पुढे काय झालं, हे ती शोधतेय. माझ्या जुन्या टोपणनावावरून ती माझ्यापर्यंत पोचली. तिचं पत्र फार सभ्य होतं. लिहिलं होतं, उघड्या तोंडाच्या बाईवर एक प्रकरण आहे, फोटो हॉस्पिटलच्या छायाचित्रकारानं बाहेर दिला हे कागदपत्रांवरून नक्की झालंय, त्यांचं नाव मी छापणार आहे, पण लिंक सर्वांत आधी तुम्ही टाकलेली दिसते, तो फोटो तुम्हाला त्यांच्याकडूनच मिळाला का? तिनं माझ्यासाठी पळवाट तयार करून, वर दार उघडून धरलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी तिच्याकडे दहा दिवस मागितले.

गेल्या गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले. तपासणीच्या फॉर्मवरचा पत्ता असा वापरायचा नसतो, मी वापरला. ते खिडकीशी बसले होते, मीच बसवून दिलेलं यंत्र कानात. मी कोणाची बहीण ते सांगितलं आणि मग ते वाक्य बोलले, इतकी वर्षं तोंडात धरलेलं. त्यांनी कानामागे हात धरला. म्हणाले, नीट ऐकू नाही आलं, जरा मोठ्यानं. मग मी ते पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, स्वयंपाकघरात सुनेच्या हातातलं भांडं थांबेल इतक्या मोठ्यानं. त्यांनी यंत्र काढलं, रुमालानं पुसलं, परत कानात घातलं. मला वाटलं, आता जा म्हणतील. ते म्हणाले, "नोकरीचं मी कधीच सोडून दिलं. पासपोर्टचे फोटो काढून संसार केला. पण त्या मुलीला वाटतं मी केलं, हे काही गेलं नाही. मी तिला म्हटलं होतं, दुखलं तर हात वर करा, मी थांबतो." मग विचारलं, ताईंना माहीत आहे? मी नाही म्हटलं. त्या पुस्तकाचं सांगितलं. म्हणाले, "पुस्तकाची घाई नाही. आधी त्यांना सांगा."

म्हणून हे पत्र. हे तुझ्या हाती पडेल एवढे दिवस थांबून मी त्या लेखिकेला माझं नाव कळवीन. तुझं नाव ती छापणार नाही, आणि चित्र छापायचं की नाही ते तू तिला कळवशील तसं होईल, तिचा पत्ता सोबत ठेवते. मला काही लिहू नकोस. रविवारी तू फोन उचलला नाहीस तर मी समजेन, आणि आईला मी स्वतः सांगेन, ते तुझ्यावर टाकणार नाही. पण मागच्या बाजूला काकांचा पत्ता आहे. ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना दोन ओळी लिही, ताई, की तुला आता माहीत आहे. फोन करू नकोस, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. आणि अक्षर जरा मोठं काढ.

तुझीच,
धाकटी